देगलूरची परतीची जीप

आबांना मी मुरुडहून नांदेडला आणलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. मुलीच्या घरी नुसतं बसून खाणार नाही, काहीतरी काम करीन. चाळीस वर्षं मुरुडच्या बाजारपेठेत त्यांनी शर्ट-पँट शिवले होते. आता दोन्ही किडन्या काम करेनाशा झाल्या होत्या आणि डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं होतं. लातूर मुरुडपासून तासाभरावर, सोय तिथेही होती. पण आई गेल्यापासून ते घरात एकटे होते, आणि डायलिसिस झालेल्या माणसाला कुणीतरी घरी घेऊन यावं लागतं. मी एकुलती एक. त्यांची पिशवी मीच भरली. कपड्यांच्या वर त्यांनी आपल्या हातानं शिंप्याची मोठी कात्री ठेवली. नांदेडला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या घरातले सगळे पडदे उतरवले आणि सासूबाईंच्या जुन्या मशीनवर त्यांच्या कडांना नव्यानं टीप मारली. पडद्यांना काहीही झालेलं नव्हतं.

मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे दवाखान्याचे वार ठरले. आबांची दुसरी पाळी, अकरा ते तीन. आत काचेपलीकडे ओळीनं मशीन, बाहेर नातेवाइकांसाठी लोखंडी बाकं. मी लॅपटॉप घेऊन त्या बाकावर बसायची आणि तिथूनच पुण्याच्या कंपनीचं काम करायची.

माझं काम थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. मी कोड लिहीत नाही. लिहिणाऱ्या टीमचं काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत आखून देते. सहा महिने आत कोंडून घेऊन मोठी वस्तू बनवायची आणि मग ती कुणालाच नको असल्याचं कळायचं, हे टाळण्यासाठी आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. आधी कमीत कमी चालण्याजोगं काहीतरी बनवायचं, ते खऱ्या माणसांच्या हातात द्यायचं, ती काय करतात ते बघायचं आणि मग पुढचं ठरवायचं. त्याला आम्ही एमव्हीपी म्हणतो. कंपनीत नवीन आलेल्यांना हे शिकवायचं काम माझ्याकडे होतं. मी ते बरं शिकवते असं लोक म्हणायचे.

दुसऱ्या पाळीतले बरेचसे लोक बाहेरगावचे होते. पहाटेच्या पाळीला त्यांना पोचता येत नसे. त्यातले पाच-सहा जण देगलूरच्या बाजूचे होते. गावाजवळ मशीनवर जागा मिळाली नाही म्हणून ऐंशी किलोमीटर येणारे. दोघांशी माझी ओळख लवकर झाली. एक म्हातारी होती, गाव अगदी तेलंगणाच्या हद्दीला लागून. तिच्या बोलण्यात मराठी कुठं संपते आणि तेलुगू कुठं सुरू होते ते कळायचं नाही. मला ती बिड्डा म्हणायची, म्हणजे लेकरू. दुसरे चाळिशीतले एक गवंडी होते. आता त्यांच्यानं काम होत नव्हतं, तरी सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. ते एकटेच यायचे. बायको दुसऱ्याच्या शेतात कामाला जायची, तिला आठवड्यातले दोन दिवस मोडणं परवडत नव्हतं.

येताना ही माणसं बरी असायची. एसटीनं येत, बोलत, जागेसाठी भांडतही. परत जाताना मात्र ती वेगळीच दिसायची. चार तासांत अंगातलं पाणी मशीननं काढून घेतलेलं असतं, रक्तदाब उतरलेला असतो, हाताच्या सुयांच्या जागेवर घट्ट पट्टी. थोडा वेळ बाकावर पडायचं, मग ऑटोनं स्टँडवर जायचं आणि देगलूरच्या गाडीची वाट बघायची. गाडीत बसायला मिळेलच असं नाही. एका मंगळवारी मिस्त्री मला स्टँडच्या फरशीवर पिशवी उशाला घेऊन झोपलेले दिसले. मी आबांना ऑटोतून घरी नेत होते. आबांनीही बघितलं.

ॲप बनवायचं मी त्याच आठवड्यात ठरवलं. एका गावाकडे जाणारे रुग्ण एकत्र करायचे, त्यांना एक गाडी मिळवून द्यायची. पूर्वीचे दोन सहकारी सुट्टीच्या दिवशी मदत करायला तयार झाले. कामांची यादी करायला बसलो आणि ती वाढत गेली. रुग्णाची नोंद, ड्रायव्हरची नोंद, नकाशा, जागा राखून ठेवणं, पाळीची आठवण करून देणारा मेसेज, तीन भाषा, प्रवास कसा वाटला ते सांगायला तारे. नवीन माणसांना मी जे करू नका म्हणून सांगत होते, तेच मी चार महिने करत राहिले. त्या वेळी ते माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं नाही हेही पूर्ण खरं नाही. आजारी माणसांना अर्धवट काही देणं मला कमीपणाचं वाटत होतं.

चार महिन्यांनी ॲप तयार झालं आणि एका शुक्रवारी मी ते बाकांवर बसलेल्यांना दाखवलं. म्हातारीनं फोनचा पडदा निरखून बघितला आणि यात आमचं गाव दिसतं का, असं विचारलं. मी दाखवलं. तिनं बोटानं गावाला स्पर्श केला, नकाशा भलतीकडे सरकला आणि तिनं हात काढून घेतला. मिस्त्रींनी छान हाय म्हटलं. त्यांच्या खिशातला फोन बटणांचा होता. इतर दोघांकडे मोठे फोन होते, पण ते घरी मुलांजवळ असायचे. पंधरा दिवसांत ॲप तिघांनी उतरवून घेतलं. त्यांत एक मी होते आणि दोन माझे सहकारी.

ही गोष्ट मी टीममध्ये हसत हसत सांगितली. आमच्याकडे टेस्टिंगचं काम करणारी एक मुलगी होती, लातूरचीच, कंपनीत येऊन वर्षही झालं नव्हतं. मीटिंग संपल्यावर तिनं मला वेगळा फोन केला. आधी थोडं चाचरली. मग म्हणाली, “मॅडम, तुम्ही आम्हाला नेहमी जे विचारता तेच तुम्हाला विचारू का? यातलं काय काय काढून टाकलं तरी ती माणसं घरी पोचतील?”

मी यादी काढली आणि एकेका ओळीवर काट मारत गेले. नकाशा काढला. तारे काढले. नोंदणी, मेसेज, तिन्ही भाषा काढल्या. शेवटी ॲपच राहिलं नाही. एक गाडी उरली, ती थांबण्याची जागा उरली आणि एक फोन नंबर.

गाडी शोधायला मला दोन दिवसही लागले नाहीत. देगलूरहून रोज सकाळी प्रवासी घेऊन नांदेडला येणारी एक जीप होती. दुपारी ती स्टँडच्या बाहेर उभी राहायची आणि भरली की परत निघायची. ड्रायव्हर पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. मी त्याला एवढंच विचारलं की मंगळवारी आणि शुक्रवारी स्टँडऐवजी दवाखान्याच्या फाटकाशी उभं राहता येईल का. त्यानं विचार केला.

“पेशंट उलटी करत्यात का?”

कधी कधी करतात, असं मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, बरं, पिशव्या ठेवतो.

एमव्हीपी ती एवढीच. एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘देगलूर जीप, साडेतीन, फाटकाशी’ असं लिहून खाली माझा नंबर टाकला आणि सिस्टरांच्या परवानगीनं तो काचेवर चिकटवला. सिस्टर म्हणजे त्या विभागाची मुख्य परिचारिका, लातूरकडची, आबांशी मुरुडच्या बाजाराबद्दल बोलणारी. चार महिन्यांचं काम मी एका दुपारी टाकून दिलं आणि मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही.

पहिल्या मंगळवारी चौघांनी येतो म्हणून सांगितलं. साडेतीनला जीपजवळ फक्त म्हातारी आणि तिची सून आल्या. बाकीचे समोरून ऑटो करून स्टँडवर गेले. मी एकाला विचारलं, तर तो म्हणाला की एसटी आपल्या ओळखीची आहे. शुक्रवारी तिघं आले. पुढच्या मंगळवारी पाच. म्हातारीनं काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण तिसऱ्या आठवड्यापासून देगलूरचे सगळे जीपनंच जाऊ लागले. वाटेत नायगाव आणि नरसीला उतरणारे दोघंही त्यात आले.

दर शुक्रवारी मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवायची. काय कळलं आणि पुढच्या आठवड्यात एकच काय बदलायचं. पहिल्याच आठवड्यात कळलं की जीपचं मधलं बाक एका माणसाला आडवं पडायला रिकामं ठेवावं लागतं, कुणाचा ना कुणाचा रक्तदाब उतरलेला असतोच. मग कळलं की येताना कुणालाच मदत नको आहे, जे काही आहे ते परतीचं. आम्ही ॲपमध्ये निम्मी मेहनत येण्यावर केली होती. आणि तिसऱ्या आठवड्यात मिस्त्रींच्या बायकोचा मला फोन आला. तिनं नंबर कागदावरून नवऱ्याकरवी लिहून घेतला होता. तिला जागाबिगा काही नको होती. गाडी निघाली का, एवढंच विचारायचं होतं. तिथून पुढे मी प्रत्येकाच्या घरी फोन करून गाडी निघाल्याचं सांगू लागले. आमच्या छत्तीस ओळींच्या यादीत ही ओळ नव्हती.

ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांना आवडलं. एका वरिष्ठांनी तर हे आपल्या सगळ्या टीमना सांगायला हवं, असं सुचवलं. मी ते सांगितलंही. त्यावर चित्रं वगैरे तयार केली.

दुसऱ्या महिन्यातल्या एका शुक्रवारी परदेशी ग्राहकासमोर आमच्या टीमचं सादरीकरण होतं. दवाखान्यात नेटवर्क नीट मिळत नसे, म्हणून मी घरी थांबले आणि आबांना घेऊन माझा नवरा गेला. आबांचं तीनला आटोपलं, ते दोघं सव्वातीनला निघाले. मी फोन आवाज बंद करून टेबलावर उपडा ठेवला होता. सादरीकरण चांगलं झालं. साडेचारनंतर फोन बघितला तर ड्रायव्हरचे चार कॉल. मी उलट फोन केला, त्याच्याकडे रेंज नव्हती. गाडी रस्त्यात असेल आणि सगळं ठीक असेल, असं मी धरून चालले.

मंगळवारी मिस्त्री बाकावर बसलेले होते. दंडापर्यंत मोठी पट्टी. मी विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. शुक्रवारी त्यांच्या हातातून सुया काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला. सिस्टर सुट्टीवर होत्या, त्यांच्या जागी असलेल्या नर्स मुलीला जीपबद्दल माहीत नव्हतं. ड्रायव्हरनं चार वाजून गेल्यावरही वाट पाहिली. मधल्या बाकावर म्हातारी निपचित पडली होती आणि तिची सून रडायला लागली होती, म्हणून तो निघाला. मिस्त्री बाहेर आले तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं. ते एसटीनं निघाले, उभ्यानं. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि पट्टीखालून रक्त सुरू झालं. कंडक्टरनं आपल्या गळ्यातल्या रुमालानं हात आवळून बांधला आणि नायगावला त्यांना उतरवून दवाखान्यात पोचवलं. रात्र तिथे काढून ते शनिवारी घरी गेले. बायकोला शुक्रवारी संध्याकाळी गाडी निघाल्याचा फोनही आला नव्हता आणि माणूसही.

“आमचाच उशीर झाला म्हणा,” ते म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला नाही. त्या दिवशीची मीटिंग माझ्याशिवाय झाली. मला काय वाटत होतं ते मी नंतर बऱ्याचदा आठवून पाहिलं आहे. अपराधी वाटण्याच्या आधी एक हिशेबी विचार मनात आला होता, की हे वरिष्ठांना सांगायचं कसं. तो विचार आला होता, म्हणून इथे लिहिते आहे.

संध्याकाळी मी आबांना सांगितलं की हे बंद करावं असं वाटतंय. ते माझ्या मुलीच्या शाळेच्या गणवेशाची कड उसवून नव्यानं शिवत होते. मी त्यांना पहिल्यांदाच माझ्या धंद्यातली पद्धत नीट समजावून सांगितली. कमीत कमी बनवायचं, माणसांना द्यायचं, चुकलं तर दुरुस्त करायचं. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. आम्ही कोट शिवताना काय करायचो, असं त्यांनी विचारलं. आधी कच्च्या टाक्यांवर उभा करायचा, गिऱ्हाइकाला अंगात घालायला लावायचा, खांद्यात घट्ट, पाठीत सैल ते बघायचं, टाके काढायचे आणि मग पक्कं शिवायचं. बाही नसली तरी चालते, खिसे तर नसतातच.

“पण माय, टाके कच्चे असत्यात, कापणं कच्चं नसतंय,” ते म्हणाले. “जिथं कात्री चालवायची तिथं आधी दोनदा मोजायचं. टाका उसवता येतो. कापलेलं कापड जोडता येत न्हाई.”

मग त्यांनी दात लावून दोरा तोडला आणि गणवेश माझ्याकडे दिला.

पुढच्या दोन दिवसांत मी कॅलेंडरच्या मागे एक वेगळी यादी केली. जे चुकलं तर पुढच्या आठवड्यात सुधारता येईल ते एका बाजूला. गाडीची वेळ, बसायची जागा, कागदावरची अक्षरं. जे एकदा चुकलं की सुधारता येणार नाही ते दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूला एकच ओळ आली: कुणी मागे राहता कामा नये. मी सगळं कमी करत नेताना हेही कमी केलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. सगळं माझ्या एका फोनवर टांगलेलं होतं.

उपाय साधा निघाला. पाळी संपत आली की आतून ड्रायव्हरच्या हातात एक चिठ्ठी जाते, तिच्यावर फक्त आकडा. तेवढी माणसं मोजल्याशिवाय जीप हलत नाही. कुणाला फारच उशीर होणार असेल तर चिठ्ठीवर तसं लिहायचं. ड्रायव्हरच्या मेव्हण्याची दुसरी गाडी तासाभरानं सुटते, ती फाटकाशी येते. चिठ्ठी कुणी द्यायची ते सिस्टरांनी हाताखालच्या तिन्ही नर्स मुलींना शिकवलं. माझा नंबर कागदावर तिसरा झाला. पहिला विभागाचा, दुसरा ड्रायव्हरचा.

एवढं झाल्यावर मी सगळ्यांना बाकांपाशी बोलावून झालेली चूक सांगितली. मिस्त्रींचं नाव न घेता सांगत होते, पण सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मी म्हटलं की हे आम्ही करून बघत आहोत, यात चुका होतील. म्हातारीच्या सुनेनं ते सासूला तेलुगूत सांगितलं. मग मिस्त्रींनी मला विचारलं.

“मॅडम, एक विचारू? हे टिकणार हाय का न्हाई?”

मी म्हटलं, माहीत नाही. ड्रायव्हरनं उद्या गाडी विकली तर बंद पडेल.

“मग तेच आधी सांगायचं हुतं,” ते म्हणाले. “करून बघायलेत हे आमाला म्हाईतच नव्हतं. आमी समजलो, दवाखान्याची गाडी हाय. एसटीवाल्याशी माझी वळख हुती, जागा धरून ठेवायचा तो. जीप आली म्हणून म्या त्याला सोडलं. न टिकणारं असंल तर तसं सांगा. माणूस दुसरं कायतरी बघून ठेवतो.”

आमच्या धंद्यात आपण ज्याच्या हातात अर्धवट वस्तू देतो त्याला वापरकर्ता म्हणतात. वापरकर्त्यानं ती वस्तू मिळाल्यावर आधीचं काय सोडून दिलं, हे विचारायची रीत नाही. निदान मी तोवर विचारलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मी स्टँडवर जाऊन तो ओळखीचा कंडक्टर शोधला; मिस्त्रींचा हात रुमालानं बांधणाराही तोच निघाला. त्याला वाटलं मी त्याच्याबद्दल तक्रार करायला आले आहे. मिस्त्रींना गरज पडली तर पुन्हा जागा धरून द्याल का, असं विचारल्यावर तो हाव म्हणाला आणि रुमाल परत मिळाला नाही, एवढंच त्यानं वर सांगितलं. नवीन रुमाल मी पुढच्या आठवड्यात नेऊन दिला.

जीप चालू राहिली. नंतर तिच्यात सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. उन्हाळ्यात खिडक्यांना ओले पडदे लावले, ते आबांनी शिवले होते. पावसाळ्यात एकदा रस्ता बंद झाला तेव्हा सगळे नरसीला एका शाळेत चार तास थांबले, आणि आकडा बरोबर असल्याचा फोन ड्रायव्हरनं मला आपणहून केला. ऑफिसात मी जीपची गोष्ट सांगायची सोडली नाही, पण आता त्यात नायगावही सांगते. ऐकणाऱ्यांना पहिली अर्धी गोष्ट जास्त आवडते.

आबा नांदेडला आल्याला दीड वर्ष होत होतं तेव्हा गेले. सोमवारी सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीतच मान कलली. डॉक्टरांनी हृदय थांबलं म्हणून सांगितलं. आम्ही त्यांना मुरुडला नेलं. पुढचे तेरा दिवस मी तिथेच होते. बाजारपेठेतली माणसं भेटायला यायची आणि कुणी कुणी अंगातला शर्ट दाखवायची, हा त्यांनीच शिवलाय. सगळे शर्ट जुने होते आणि चांगले होते.

मंगळवारी साडेतीनला मला जीपची आठवण झाली. मी फोन हातात घेऊन बसले. कुणाचाच आला नाही. शुक्रवारीही नाही. मी घाबरून सिस्टरांना फोन केला तेव्हा कळलं की मंगळवारी सहा, शुक्रवारी सात, दोन्ही दिवस जीप वेळेवर निघाली. घरोघरी फोन म्हातारीच्या सुनेनं केले होते. तुम्हाला त्रास द्यायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं, सिस्टर म्हणाल्या. माझ्याशिवाय चालावं म्हणूनच तर मी ते सगळं बांधलं होतं. तरी फोन ठेवल्यावर मला थोडं लागलं, हेही खरं.

त्यानंतर दवाखान्यात जायचं मला कारण उरलं नाही. मध्ये कळलं की म्हातारीला गावाजवळच मशीनवर जागा मिळाली आणि ती नांदेडला यायची थांबली. अजून दोघांचंही तसंच झालं. जीपमध्ये आता नायगाव-नरसीचीच माणसं जास्त असतात. ॲप माझ्या सहकाऱ्यानं केव्हातरी काढून टाकलं. कधी काढलं ते त्यालाही आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी मला देगलूरला एका लग्नाला जायचं होतं. मी साडेतीनला फाटकाशी गेले आणि ड्रायव्हरला विचारलं, जागा आहे का. त्यानं चिठ्ठी बघितली, माणसं मोजली, मग मला मागे बसायला सांगितलं. एवढ्या काळात मी त्या जीपमध्ये कधीच बसले नव्हते. मागचं बाक अरुंद होतं आणि खाली पिशव्यांचा गठ्ठा बांधलेला होता, उलटी होणाऱ्यांसाठी. मिस्त्री पुढे बसले होते. बारीक झाले होते, पण बोलत होते. मुलगी बारावीला आहे, लातूरला शिकायचं म्हणते, असं काय काय सांगत होते.

नायगावच्या अलीकडे ड्रायव्हरनं कुणी न सांगता जीप एका हॉटेलापुढे उभी केली. कुणी उतरलं नाही. हॉटेलवाला खिडकीशी आला, ओळखीची माणसं मोजली आणि तीन चहा घेऊन आला. सोबत तीन रिकामे कप. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, चहा पूर्ण घेता येत नाही, सोडवतही नाही. सहा माणसांनी तीन चहा निम्मे-निम्मे वाटून घेतले. प्रत्येकजण दुसऱ्याच्या कपाकडे बघून पातळी जुळवत होता. हे दोन वर्षं चाललं होतं आणि माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

हॉटेलवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो थबकला. सातवी मी होते, जोडीला कुणी नव्हतं.

“त्यांना पुरा द्या,” मिस्त्री पुढून म्हणाले. “मॅडमच्या किडन्या चांगल्या हायत.”

सगळे हसले. मला पूर्ण कप मिळाला. तो फार गोड होता आणि मी तो सगळ्यांच्या देखत संपवला. देगलूरला उतरले तेव्हा दिवस मावळत होता. ड्रायव्हरनं मला लग्नाचं कार्यालय कुठल्या रस्त्याला आहे ते दाखवलं आणि मिस्त्रींना त्यांच्या गावच्या फाट्यावर सोडायला तो पुढे निघून गेला.